विश्लेषण : मुलीचे पोट अचानक दुखू लागले… अपेंडिक्स की अंडाशयाला पीळ?

दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येते, पाठोपाठ उलट्या सुरू होतात. घरात आधी ओवा-हिंग होते, मुलगी थोडी मोठी असेल तर ‘पाळीचे दुखणे’ म्हणून गरम पाण्याची पिशवी दिली जाते. दुखणे उजवीकडे असेल तर अपेंडिक्सची शंका येते. मात्र, अंडाशयाला पीळ बसल्यानेही नेमके असेच दुखते आणि तेही उजवीकडेच अधिक. कारण डावीकडची जागा मोठ्या आतड्याने व्यापलेली असते.

नेमके काय होते?

अंडाशय ज्या बंधांच्या आधाराने राहते, त्यांच्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. ते स्वतःभोवती फिरले की आधी पातळ भिंतीच्या शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहते, पण बाहेर पडत नाही. अंडाशय सुजते आणि पुढे रक्तपुरवठाच तुटतो. अनेकदा गाठीच्या वजनाने पीळ बसतो. पण पाळी न आलेल्या मुलींमध्ये गाठ नसतानाही तो बसू शकतो. काही वेळा पीळ आपोआप सुटतो आणि पुन्हा बसतो. त्यामुळे दुखणे थांबले म्हणून निर्धास्त होणे महागात पडू शकते.

सोनोग्राफी नॉर्मल, तरीही?

मुलींची सोनोग्राफी मूत्राशय भरलेले असताना पोटावरून करतात. एक अंडाशय दुसऱ्यापेक्षा बरेच मोठे दिसले तर संशय बळावतो. डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही, असे मात्र नाही. अंडाशयाला दोन वाटांनी रक्त मिळते. खात्री दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच होते.

काळे पडलेले अंडाशय काढावे लागते?

पूर्वी बहुधा काढत. पीळ सोडवल्यास रक्ताची गुठळी फुप्फुसात जाईल, ही भीती होती. ती निराधार ठरली. अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने 2019 मध्ये किशोरवयीन मुलींसाठी स्पष्ट सल्ला दिला : अंडाशय कसेही दिसो, पीळ सोडवून ते वाचवावे. काळानिळा रंग बऱ्याचदा साचलेल्या रक्ताचा असतो. काही आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत त्याच अंडाशयात बीजपुटिका दिसू शकतात. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ‘अंडाशय वाचवणार ना?’ हे पालकांनी विचारायलाच हवे. पीळ पुन्हा बसू शकतो. तशीच कळ आली तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि आधीच्या शस्त्रक्रियेची फाइल सोबत न्यावी.