एका माणसासाठी एकच जबडा



एक क्षण वाचन थांबवा आणि हनुवटीपासून कानापर्यंत बोटं फिरवून पाहा. हाताला लागतं ते तुमच्या खालच्या जबड्याचं हाड. चावणं, गिळणं, बोलणं या सगळ्यात त्याचा वाटा आहे. आणि अगदी त्याच मापाचं हाड दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. मग ते निकामी झालं, तर बदली हाड आणायचं कुठून?

२०११ साली नेदरलँड्समधल्या ८३ वर्षांच्या एका आजींवर ही वेळ आली. जंतुसंसर्गाने त्यांचा खालचा जबडा पोखरला होता. अशा वेळी बहुधा पायातलं हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, त्याला आकार देऊन तोंडात बसवतात. पण ही शस्त्रक्रिया फार लांबते आणि त्या वयात ती धोक्याची होती. तेव्हा बेल्जियममधल्या लूव्हेन शहरातल्या लेयरवाइज या लहानशा कंपनीने त्यांच्यासाठी टायटॅनियमचा संपूर्ण जबडा 'छापून' दिला. ही कंपनी तिथल्याच विद्यापीठातल्या संशोधनातून २००८ मध्ये उभी राहिली होती.

छापून म्हणजे कसा? आधी सीटी स्कॅनवरून संगणकात जबड्याची प्रतिकृती तयार झाली. तिच्यात सांधे, स्नायूंनी धरून राहावं म्हणून पोकळ्या आणि नसांसाठी खोबणी आखल्या गेल्या. मग यंत्रात टायटॅनियमच्या भुकटीचा अतिशय पातळ थर पसरला गेला. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसा लेझर त्या थरावर फिरतो आणि जिथे धातू हवा तिथेच भुकटी वितळवून सांधतो. त्यावर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर. एक मिलिमीटर उंची गाठायला तब्बल ३३ थर लागतात! तयार जबड्यावर शेवटी हाडाशी जुळणाऱ्या सिरॅमिकचा लेप चढवला गेला. वजन भरलं १०७ ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी आजी बोलू आणि गिळू शकल्या.

आता तुम्ही विचाराल, एवढं काम छोट्या कंपनीला परवडतं कसं? गोम आहे ती साच्यात. धातूची वस्तू ओतायची किंवा ठोकून घडवायची तर साचा लागतो, आणि साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला तरच हिशेब जमतो. लेझरला साचा लागत नाही. शंभर सारखे तुकडे करायचे की शंभर वेगवेगळे, त्याला दोन्ही सारखंच. म्हणून रेडीमेड कपड्यांच्या कारखान्याशेजारी मापाने शिवणारा शिंपी टिकतो, तशी ही कंपनी टिकू शकते.

पण खरी अडचण पुढेच आहे. कारखान्यात दहा हजार स्क्रू बनले, तर त्यातले काही तोडून बघता येतात. इथे नग एकच. तो तोडून पाहिला, तर रुग्णाला काय बसवणार? आणि धोके तर खूप आहेत. दोन थर नीट सांधले नाहीत, तर आत बारीक पोकळी राहते आणि रोजच्या चावण्याने तिथून तडा जाऊ शकतो. गरम टायटॅनियमने ऑक्सिजन शोषला तर धातू ठिसूळ होतो, म्हणून यंत्रात हवेऐवजी आरगॉन वायू भरतात. फटीत सुटी भुकटी अडकून राहिली तर ती शरीरात जाणार.

यावर उपाय साधा आणि शहाणपणाचा आहे. त्याच भुकटीतून, त्याच प्लेटवर, इम्प्लांटशेजारी चाचणीसाठी छोट्या कांड्या छापतात. रुग्णाच्या नगाला धक्का न लावता त्या कांड्या ताणून तोडतात. त्याबरोबर भुकटीची शुद्धता, लेझरची शक्ती आणि उष्णतेची प्रक्रिया यांची नोंद ठेवतात आणि तयार नगाचं स्कॅन करून आतल्या पोकळ्या शोधतात. म्हणजे विश्वास ठेवायचा तो वस्तूवर नव्हे, ती घडवण्याच्या रीतीवर.

एक प्रश्न मात्र रीतीनेही सुटत नाही. भरीव टायटॅनियम हाडाच्या पाच-सहा पट ताठ असतं. सगळा भार धातूनेच उचलला, तर शेजारचं हाड बिनकामाचं होऊन झिजू लागतं. म्हणून आज बरेच इम्प्लांट आतून जाळीदार छापतात. जाळीमुळे ताठपणा कमी होतो आणि तिच्या छिद्रांत हाड वाढून धरून बसतं. साच्यातून अशी जाळी काढणं फार कठीण आहे.

२०१४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीने लेयरवाइज विकत घेतली. पण तिने ठेवलेला धडा पुढेही उपयोगी पडेल. उद्या तुमच्या घरच्या कुणासाठी असा इम्प्लांट सुचवला गेला, तर "हा कुठल्या यंत्रावर छापला?" इथेच थांबू नका. "याच्याबरोबर छापलेल्या कांड्या तपासल्या का?" हेही डॉक्टरांना जरूर विचारा.