फिटरची चूक झाली, आता काय करायचे?

गाडी दुरुस्तीला दिली, पैसे मोजून घरी आणली, आणि दोन दिवसांत नवेच दुखणे सुरू झाले. हा अनुभव नसलेले घर आता गावात विरळाच. पूर्वी दारात बैलगाडी होती, तेव्हा आरा मोडला तर सुतार पारावरच भेटे. आता ट्रॅक्टर, जीप, पिकअप, मोटारसायकल यांतले काही ना काही दारात असते आणि तिच्यावर मालाची ने-आण, मुलांची शाळा, आजाऱ्याचा दवाखाना सगळे अवलंबून असते. अशा वेळी फिटरच्या हातून चूक झाली तर माणसे दोनच गोष्टी करतात. एक तर गॅरेजसमोर जाऊन भांडतात, नाही तर 'नशीब आपलं' म्हणून गप्प बसून दुसऱ्या गॅरेजात पुन्हा पैसे घालतात. दोन्हींत नुकसान आपलेच. तिसरा मार्ग आहे आणि तो फारसा अवघडही नाही.

आधी गाडी थांबवा

सर्वांत पहिले काम भांडणाचे नव्हे, थांबण्याचे. ऑईल बदलल्यावर खालचा बोल्ट नीट आवळला गेला नसेल, तर ऑईल गळत जाते आणि समोरचा ऑईलचा लाल दिवा लागतो. दिवा लागल्यावरही 'घर जवळच आहे' म्हणून गाडी रेटली, तर थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकते. बोल्ट आवळण्याचे काम मिनिटाचे, इंजिनाचा खर्च मात्र हजारांत जातो. शिवाय मग फिटर म्हणतो, "दिवा दिसत होता तर चालवली कशाला?" आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते.

ब्रेकचे काम झाल्यावर पायडल मऊ लागले, खाली खाली जाऊ लागले, तर नळीत हवा राहिली आहे असे समजावे. अशी गाडी एक फर्लांगही नेऊ नये. चाक काढून बसवले असेल आणि गाडी थरथरत असेल, तर नट तपासावेत. चाकाचे नट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आवळायचे असतात आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहायचे असतात. घरची माणसे त्या गाडीत बसतात, हे विसरू नये.

चूक खरोखर कुणाची?

गाडी थांबवली की शांतपणे एक प्रश्न विचारावा: ज्या जागी बिघाड दिसतो, त्या जागेला फिटरचा हात लागला होता का?

डिझेलची गाळणी बदलल्यावर ट्रॅक्टर चालू होत नसेल, तर बहुधा लाईनमधली हवा नीट काढलेली नसते. रेडिएटरचे काम झाल्यावर इंजिन तापू लागले, तर आत हवा राहिली असेल किंवा पाईपचा क्लॅम्प ढिला असेल. बॅटरीच्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तर अल्टरनेटर जळतो. ब्रेक ऑईलच्या जागी साधे ऑईल पडले, तर आतले रबर फुगते आणि ब्रेक अडकू लागतात. या चुका कामातल्या आहेत आणि त्या फिटरने निस्तरायच्या आहेत.

पण क्लचचे काम केल्यावर आठ दिवसांनी बॅटरी बसली, तर तिचा दोष त्याच्यावर टाकू नये. जुन्या गाडीत एक भाग नवा घातला की दुसरा जुना भाग उघडा पडतो, हेही होते. तिसरा प्रकार सुट्या भागाचा. भाग आपणच स्वस्तात आणून दिला असेल, तर दोष भागाचा की बसवण्याचा, हे पाहावे लागते. फिटरने आणला असेल तर त्याने तो दुकानातून बदलून द्यायला हवा.

बोलावे कसे?

जत्रा भरलेली असताना बोलू नये. चार गिऱ्हाइकांसमोर चूक काढली, तर चांगला माणूसही अडून बसतो. सकाळी गॅरेज उघडताना जावे, बिल बरोबर न्यावे. गळती, आवाज, दिवा यांचे मोबाईलवर चित्र घेतलेले असावे. आणि घडले तेवढेच सांगावे:

"मिस्त्री, सोमवारी तुम्ही ब्रेकचं काम केलंत. मंगळवारपासून पायडल खाली जातंय. मी गाडी जागेवरच उभी ठेवलीय. तुम्ही एकदा येऊन बघा."

यात आरोप नाही, पण दिवस, काम आणि बिघाड तिन्ही आले. पुष्कळदा काम हाताखालच्या पोराने केलेले असते आणि मालकाला पत्ताही नसतो. तरी जबाबदारी गॅरेजमालकाचीच. दुरुस्तीची पहिली संधी त्यालाच द्यावी. ते न्यायाचेही आहे आणि पुढे प्रकरण वाढलेच तर आपल्या बाजूचेही.

मागणी रास्त ठेवावी. तेच काम पुन्हा करण्याची मजुरी नाही; त्या चुकीने जो भाग खराब झाला तो त्याच्या खर्चाने; गाडी ओढून नेण्याचा खर्च त्याचा. ठरेल ते बिलाच्या मागे दोन ओळींत लिहून, तारीख घालून दोघांनी सही करावी.

दुसऱ्याकडे नेण्यापूर्वी

पहिला फिटर ऐकतच नसेल तर दुसऱ्याकडे जाणे भाग पडते. पण तिथे लगेच खोलू देऊ नये. खोलण्याआधी आणि खोलताना चित्रे घ्यावीत. काय बिघडले व कशामुळे, हे त्या फिटरकडून लिहून घ्यावे. काढलेला भाग पिशवीत बांधून घरी ठेवावा. एकदा सगळे बदलून गेले की पुरावाही भंगारात गेला.

कायदा काय म्हणतो?

१८७२ च्या करार कायद्यानुसार दुरुस्तीला दिलेली वस्तू ही ठेव असते. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी गॅरेजवाल्याने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. त्याच कायद्याचे कलम १७० असेही सांगते, की ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो गाडी अडवून ठेवू शकतो. म्हणून बिलावर वाद असेल आणि गाडीची निकड असेल, तर 'तक्रार राखून पैसे दिले' असे बिलावर लिहून पैसे द्यावेत व गाडी सोडवून आणावी.

ग्राहकासाठी १९८६ साली वेगळा कायदा झाला. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, गॅरेज परजिल्ह्यातले असले तरी. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ट्रॅक्टर आपल्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल, तर 'हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असे म्हणून तुम्हाला वाटेला लावता येत नाही. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून सांगावे. काही तंटे तिथेच मिटतात.

पुढच्या वेळी

घरात गाडीची एक वही ठेवावी. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे ते काम द्यावे. त्यांचे अक्षरही चांगले असते. तारीख, किलोमीटर किंवा तास, काय काम, कोणते भाग, किती पैसे एवढे लिहिले तरी पुरे. गाडी देताना कामाची यादी व अंदाजे खर्च लिहून घ्यावा. "यादीबाहेरचं काही खोलायचं झालं तर आधी फोन करा," हे बजावून सांगावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. गाडी घेताना फिटरला शेजारी बसवून एक फेरी मारावी. आणि पहिल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. थेंब पडला असेल तर सकाळी तो दिसतोच.

पेरणीच्या तोंडावर रात्री-अपरात्री शेतात धावून येणारा फिटर पंचक्रोशीत एखादाच असतो. चूक कबूल करून ती निस्तरून देणारा असेल, तर त्याला सोडू नये. चूक लपवणारा असेल, तर त्याच्याकडे पुन्हा गाडी नेऊ नये. या दोघांतला फरक चूक झाल्यावरच कळतो. म्हणून त्या दिवशी आपले डोके थंड आणि बिल हाताशी असलेले बरे.