बियाण्यासारखी बोलीही जपा

होळीच्या आधी धडगावला भोंगऱ्याचा बाजार भरतो. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवरून माणसे उतरतात. गूळ, डाळ्या, हार-कंगन, घुंगरू, कपडालत्ता यांची खरेदी होते. त्या गर्दीत तुम्ही कधी गेला असाल, तर एक करून पाहा. डोळे मिटा आणि नुसते कान उघडे ठेवा. एकीकडे पावरी ऐकू येईल, जरा पुढे नोयरी. दुकानदाराच्या तोंडी मराठी आणि थोडी गुजराती, तर खालच्या सपाटीवरून आलेल्या व्यापाऱ्याची अहिराणी. एवढ्याशा जागेत इतक्या बोली नांदतात, ही आपल्या जिल्ह्याची श्रीमंतीच आहे. मात्र ही श्रीमंती कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही, म्हणून ती कमी होत चालली तरी आपल्या लक्षात येत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील शंभर माणसांपैकी सुमारे एकोणसत्तर आदिवासी आहेत. अक्राणीत पावरी आणि नोयरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली म्हणजे वसावी, शहाद्याकडे भिलोरी, नवापुरात मावची आणि कोकणी अशा बोली घरोघरी चालतात. गुजर शेतकऱ्यांच्या घरात गुजरी आणि गावोगाव अहिराणी आहेच. यांतल्या बऱ्याच बोलींना जाणकार भिली भाषांच्या कुळात धरतात. भिली बोलणाऱ्यांची संख्या २०११ साली देशात एक कोटी चार लाखांवर होती. खानदेशी म्हणून नोंदलेल्या अहिराणीसारख्या बोली बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते.

तुम्ही म्हणाल, एक कोटी माणसे बोलतात, मग काळजी कसली? काळजी आकड्याची नाही, वाचकहो. काळजी घरातल्या पोराच्या तोंडाची आहे.

भाषा मरते कशी?

भाषा एका दिवसात मरत नाही. आजोबा-आजीला एकच बोली येते. मुलाला बोलीही येते आणि बाजारापुरती, कचेरीपुरती मराठीही येते. नातवाला बोली समजते, पण आजीने बोलीत विचारले तर तो मराठीत उत्तर देतो. पणतूला ती समजतही नाही. एवढ्या चार पायऱ्यांत काम आटोपते. कोणी बंदी घातली नाही, कोणी भांडण केले नाही, तरी घरातली भाषा घरातूनच निघून जाते.

बियाण्याचेही असेच आहे. कणगीत ठेवलेले देशी बी दोन-चार वर्षे पेरले नाही, तर ते दिसायला चांगले दिसते, पण उगवत नाही. बोली पेरायची जागा म्हणजे लेकराचे कान. तेथे ती पडली नाही, तर म्हाताऱ्यांच्या तोंडी कितीही शुद्ध असली तरी पुढचे पीक नाही.

हे सांगण्यापुरते नाही. अंदमानात 'बो' नावाची एक फार जुनी भाषा होती. ती बोलणारी शेवटची वृद्धा, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी वारली आणि तिच्याबरोबर ती भाषाही गेली. शेवटची काही वर्षे तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला जगात दुसरे माणूस उरले नव्हते. इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्रातच, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्याच पायथ्याशी निहाली नावाची भाषा आहे. तिचे नाते मराठीशी नाही, कोरकूशी नाही आणि जगातल्या इतर कोणत्याही भाषेशी जुळल्याचे सिद्ध झालेले नाही. ती बोलणारी माणसे आज फार थोडी आहेत.

पहिल्या वर्गातले गप्प पोर

आता आपल्या घराकडे वळू. सहा वर्षांचे पोर पाड्यावरून शाळेत जाते. घरी ते दिवसभर चिवचिव करते. कोणती शेळी गाभण आहे, कोणत्या झाडाचा मोह गोड, नाल्यात खेकडा कोठे सापडतो, हे सगळे ते सांगते. शाळेत बाई विचारतात, "बाळ, तुझं नाव काय?" आणि ते गप्प. प्रश्न कठीण नसतो, भाषा परकी असते. बाई पुस्तकातले चित्र दाखवतात, पोर वस्तू ओळखते, पण तिचे जे नाव त्याला येते ते पुस्तकात नसते. मग चार दिवसांत त्याची समजूत होते की आपल्याला काही येत नाही. पुढे कोणी त्याच्या बोलण्याला हसले, तर ती समजूत पक्की होते. शाळा सोडणाऱ्या मुलांची कारणे आपण गरिबीत शोधतो, शेतीच्या कामात शोधतो. ती खरी आहेत. पण हे गप्प बसणेही त्यांत मोजले पाहिजे.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तेथे न्गुगी वा थिओंगो नावाचे मोठे लेखक होऊन गेले. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांची घरची भाषा गिकुयू. इंग्रजांच्या राज्यात शाळेच्या आवारात गिकुयू बोलणाऱ्या पोराला छड्या बसत, किंवा 'मी मूर्ख आहे' अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवून फिरावे लागे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे इंग्रजीत नाव मिळाल्यावरही हा माणूस मायबोलीकडे परतला. गावच्या शेतकरी-मजुरांबरोबर त्यांनी गिकुयूत नाटक उभे केले. त्यानंतर १९७७ च्या अखेरीस सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. तेथे वहीही मिळेना, तेव्हा शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली.

त्याच खंडाच्या दक्षिण टोकाला काट्रिना एसाऊ या आजीबाईंची गोष्ट आहे. त्यांची 'न्‌ऊ' ही भाषा अस्खलित बोलणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तेव्हा त्यांनी आपल्या घरीच वस्तीतल्या मुलांना ती शिकवायला सुरुवात केली. २०१४ साली त्यांच्या देशाने त्यांचा मोठा मान केला. विचार करा, जी गोष्ट एक म्हातारी आपल्या ओसरीवर करू शकते, ती आपल्याला का जमू नये? आपल्याकडे तर बोलणारे अजून घरोघरी आहेत.

बोलीबरोबर काय काय जाते?

काही जणांना वाटते, भाषा गेली तर काय झाले, दुसरी येतेच की! पण बोली म्हणजे नुसते शब्द नव्हेत. मोर, बर्टी यांसारखी बारीक धान्ये कोणत्या उतारावर पेरायची, कोणत्या पाखराचा आवाज आला की पाऊस जवळ आला, मोहाची फुले कशी वाळवायची, टोळंबीचे तेल कसे काढायचे, हे ज्ञान म्हातारी माणसे बोलीतच सांगतात. एकेका जातीच्या मक्याला, ज्वारीला, आंब्याला डोंगरात वेगवेगळी नावे आहेत. नाव गेले की फरक ओळखणे गेले आणि फरक गेला की बी गेले. धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन मका-ज्वारीच्या देशी वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या. बियाण्याच्या थैलीवर गावाने दिलेले नाव असेल, तरच ती थैली उद्याच्या शेतकऱ्याशी बोलेल.

देवाधर्माचेही तसेच. याहा मोगीची महाशिवरात्रीची यात्रा आपल्याला ठाऊक आहे. 'याहा' म्हणजे आई. पावरा समाजाच्या इंदलला रात्र-रात्र गाणी चालतात. काठीच्या राजवाडी होळीला मोरपिसांचा टोप आणि कमरेला भोपळे बांधून नाचणारे बुध्या-बावा पाहायला दूरदूरची माणसे येतात. नाच फोटोत राहील. पण गाण्यातला अर्थ नातवाला कळला नाही, तर तो स्वतःच्याच होळीत पाहुणा होईल.

सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. माणसे तळोदा-शहाद्याकडे आली, काही गुजरातेत गेली. जमिनीचा हिशेब झाला, घरांचा झाला. पण नदीकाठच्या डोहाला, दगडाला, वळणाला जी नावे होती, त्यांचा पंचनामा कोणी केला नाही. एकाच कुळातली काही मुले आता मराठी पुस्तक वाचतात, काही गुजराती. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात त्याच बोलीची मुले हिंदी वाचतात. एक बोली, तीन राज्ये आणि तीन पुस्तके, अशी तिची वाटणी झाली आहे.

काम झाले आहे, होत आहे

सगळेच हातचे गेले असे नाही. ग्रिअर्सन या इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा भिली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली छापला गेला. घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची एकच गोष्ट त्यांनी बोलीबोलीतून लिहून घेतली होती. त्यानंतर शंभर वर्षांनी डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने लोकांनीच भाषांची मोजदाद केली आणि देशात ७८० भाषा असल्याचे सांगितले. त्यातला महाराष्ट्राचा खंड २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला.

शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आला. आपल्या बोलीत पुस्तक होऊ शकते, हे पुष्कळांना तेव्हा प्रथम दिसले. नर्मदेकाठी आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांत पोरांशी त्यांच्या बोलीत बोलत शिकवण्याचा पायंडा पडला.

कायदाही आपल्या बाजूला आहे. घटनेच्या ३५०-अ या कलमात मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम सांगितले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत त्यावर भर दिला. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत २००३ साली संथाली आणि बोडो यांची भर पडली. भिली मात्र तेथे नाही.

तुम्ही काय कराल?

एक शंका घरोघरी निघते. बोलीत रमले तर पोर मराठीत मागे पडेल का? नाही पडणार. तहसील, बँक, दवाखाना, बाजार समिती यांच्यासाठी मराठी आलीच पाहिजे आणि चांगली आली पाहिजे. पण जे पोर आधी समजणाऱ्या भाषेत वाचायला शिकते, त्याला दुसरी भाषा लवकर उचलता येते. मुळे खोल गेलेल्या रोपाला वारा कमी लागतो.

पहिली गोष्ट, घरात पोरांशी बोलीतच बोला. पाहुण्यांसमोर लाजू नका. अहिराणी माउलीने आपल्या आंडोर-आंडेरला अहिराणीतच हाक मारावी.

दुसरी गोष्ट, दोनशे पानी वही करा. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती ती द्या आणि आजीजवळ बसवा. झाडे, पिके, पाखरे, आजार, औषधी मुळ्या, शेतांची आणि नाल्यांची नावे देवनागरीत लिहून घ्या. पुढे मराठीत अर्थ लिहा.

तिसरी गोष्ट, घरात मोबाइल असेल तर म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि गोष्टी त्यांना विचारून त्यात भरून ठेवा. बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच सांगा. एका मोबाइलवर भरवसा ठेवू नका, दुसरीकडेही नक्कल ठेवा.

चौथी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे विषय काढा. पहिली-दुसरीच्या पोरांशी बोली जाणणाऱ्याने बोलावे, एखाद्या आजोबांना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे, असा आग्रह धरा. गुरुजी बाहेरगावचे असतील तर त्यांना रोज चार शब्द शिकवा. चांगले गुरुजी आनंदाने शिकतील.

पाचवी गोष्ट जनगणनेची. २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. मोजणीदार मातृभाषा विचारील तेव्हा सवयीने 'मराठी' सांगू नका. घरात पावरी बोलता तर पावरी सांगा, मावची बोलता तर मावची, अहिराणी बोलता तर अहिराणी. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषेचे नाव १९७१ पासून छापील तक्त्यात वेगळे येत नाही. तुमचे उत्तर म्हणजे तुमच्या बोलीचा सातबारा समजा.

यांतल्या कोणत्याही कामाला पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. रात्रीची भाकर झाली, चूल विझत आली की अंगणात खाट टाका. पोरांना जवळ घ्या आणि आजीला म्हणा, तुझ्या लहानपणीची गोष्ट सांग, तुझ्याच बोलीत सांग. पोरे आधी हसतील, मग ऐकतील, मग पुढे काय झाले म्हणून विचारतील. त्यांनी ते बोलीत विचारले, की बी उगवले असे समजा.