पगाराची पावती (भाग 14) : ‘स्वखुशीने’

ग्रॅच्युइटीबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या शनिवारी. मध्यंतरी इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलं आणि ते वाचल्यापासून दुसऱ्या कशात मन लागलं नाही.

त्यांची मुलगी एका सूत व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते. पगार 18,000. एका सकाळी तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आलं. फोटो सरांचा. ‘हा माझा दुसरा नंबर. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. खालच्या खात्यात 2,40,000 लगेच आरटीजीएस कर, बिल संध्याकाळी देतो.’ सर त्या दिवशी खरोखरच सुरतेला गेले होते. तिनं पैसे पाठवले. संध्याकाळी सरांचा नेहमीच्या नंबरवरून वेगळ्याच कामासाठी फोन आला, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर टाइप केलेला कागद आला : ‘माझ्या चुकीमुळे फर्मचे झालेले नुकसान मी स्वखुशीने दरमहा 6,000 रुपयांप्रमाणे भरून देईन.’ म्हणजे चाळीस महिने. वडिलांनी त्या कागदाचा फोटो पाठवला आहे. सहीची जागा अजून रिकामी आहे. ‘मुलीनं सही करावी का?’ एवढंच त्यांनी विचारलंय.

करू नये. का करू नये, ते सांगण्यात आजचा सगळा भाग जाणार आहे.

‘स्वखुशीने’ हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा. 1986 साली मी एका छोट्या कारखान्याच्या कचेरीत रोखपालाच्या हाताखाली होतो. पगार 640 रुपये. एका गिऱ्हाइकानं 3,200 चा डिमांड ड्राफ्ट दिला, मी तो घेतला, माल सुटला. तिसऱ्या दिवशी ड्राफ्ट बनावट म्हणून बँकेतून परत आला. मला केबिनमध्ये बोलावलं आणि एका कोऱ्या कागदावर मजकूर सांगून माझ्याच अक्षरात लिहून घेतला. पहिलेच शब्द ‘मी स्वखुशीने’. पुढचे वीस महिने पगारपत्रकावर, पावतीच्या तिकिटावर, मी 640 साठी सही करत होतो आणि हातात 480 घेत होतो. ड्राफ्ट खरा की खोटा हे कसं ओळखायचं, हे मला त्याआधी कोणी शिकवलं नव्हतं आणि नंतरही नाही. हे असं कापता येत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी केससाठी थांबलो असताना.

नियम तेव्हाही होता. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये तो जवळजवळ त्याच शब्दांत उतरला आहे. फरक इतकाच की जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी शेवटी ती महिना 24,000 होती. संहितेत तशी मर्यादा नाही. मॅनेजरही तिच्या छत्राखाली येतो.

नियम असा : ज्या पैशाचा हिशेब देणं कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे तो पैसा बुडाला, आणि ते बुडणं थेट त्याच्या हेळसांडीमुळे किंवा कसुरीमुळे झालं, तरच पगारातून वसुली करता येते. वाक्य एकच आहे, पण त्यात तीन दरवाजे आहेत आणि मालकाला तिन्ही ओलांडावे लागतात.

पहिला दरवाजा हिशेबाचा. गल्ल्यावर बसणारा रोखपाल सकाळी रक्कम मोजून घेतो आणि संध्याकाळी मोजून देतो. तो पैसा त्याच्या हिशेबाचा, याबद्दल वाद नाही. पण फर्मच्या चालू खात्यातली रक्कम नेमकी कोणाच्या हिशेबाची? नेट बँकिंगमध्ये एकानं व्यवहार भरायचा आणि दुसऱ्यानं मंजूर करायचा, अशी मेकर आणि चेकरची सोय असते. जी मुलगी फक्त भरते तिच्याकडून मंजुरी देणाऱ्याचा हिशेब मागता येत नाही.

म्हणून मी त्या वडिलांना उलट विचारलं, ओटीपी कोणाच्या फोनवर आला? त्यांचं उत्तर वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. बँकेत नोंदवलेला नंबर पूर्वी सरांचाच होता. रोज फोनवर ओटीपी सांगायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी तो बदलून ऑफिसच्या फोनचा केला. तो फोन मुलीच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्याच ड्रॉवरमध्ये सरांच्या डिजिटल सहीचं डोंगलही असतं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून डोंगलला रबरबँडनं बांधलेला. म्हणजे बँकेनं दोन कुलपं दिली होती आणि फर्मनं दोन्ही किल्ल्या एकाच ड्रॉवरमध्ये टाकल्या.

दुसरा दरवाजा कसुरीचा. फसणं म्हणजे आपोआप कसूर, असं कायदा कुठेही म्हणत नाही. त्या जागेवर, तेवढ्या शिक्षणाचा, तेवढ्या पगाराचा, बऱ्यापैकी काळजी घेणारा माणूस कसा वागला असता, हा प्रश्न आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना आदर पूनावाला यांच्या नावानं असाच व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला आणि कंपनीच्या खात्यातून 1 कोटी रुपयांहून जास्त रक्कम गेली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या संचालकालाही जो संदेश खरा वाटतो, तो 18,000 पगाराच्या मुलीनं पाहताक्षणी ओळखायला हवा होता, असं म्हणणं न्यायाचं नाही.

इथे फर्मची नेहमीची रीत पाहावी लागते. वडिलांनी मुलीला फोन चाळायला सांगितलं. गेल्या तीन महिन्यांत सरांनी सात वेळा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे पाठवायला सांगितलं होतं, त्यातल्या चार वेळा बिल नंतर आलं. भामट्यानं ही रीत हेरली आणि आठवा संदेश पाठवला. ज्या सवयीबद्दल सात वेळा शाबासकी मिळाली, तीच सवय आठव्या वेळी गुन्हा कशी ठरते?

दुसरी बाजूही सांगतो. फर्मनं लेखी नियम केला असता की नव्या खात्यात पैसे टाकण्यापूर्वी जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, तो मुलीला समजावून सांगून पोच घेतली असती, आणि तरीही तिनं फोन केला नसता, तर तिला कसूर म्हणता आली असती. आणि कोणी भामट्याशी संगनमत केलं असेल तर तो विषयच निराळा. नोकरानं केलेला फौजदारी विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे आणि त्याला मी एका शब्दाचीही सवलत देणार नाही.

तिसरा दरवाजा ‘थेट’ या शब्दाचा. शब्द दोन अक्षरी आहे, पण सगळा भार त्याच्यावर आहे. नुकसानीच्या वाटेत किल्ल्या एकत्र ठेवणारा मालक आहे, प्रशिक्षण न देणारी फर्म आहे आणि मुख्य म्हणजे चोर आहे. एवढ्यांना ओलांडून बोट सरळ मुलीवर ठेवायचं तर पुरावा लागतो.

या प्रश्नावर इंग्लंडमध्ये एक विलक्षण खटला झाला होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिस्टर नावाचे बापलेक रॉमफर्डच्या एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत लॉरीवर होते. मुलगा लॉरी मागे घेत असताना वडिलांना धक्का लागला. वडिलांना भरपाई मिळाली, ती कंपनीच्या विमेदारांनी भरली. मग त्या विमेदारांनी कंपनीच्या नावानं मुलावरच दावा लावला : तू काळजी घेतली नाहीस, रक्कम परत दे. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी मुलाच्या विरोधात निकाल दिला. त्यावर एवढी खळबळ माजली की संगनमत किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य नसेल तर नोकरावर असे दावे लावणार नाही, असं विमा कंपन्यांनी आपापसात ठरवलं. कायदा कागदावर तसाच राहिला, पण तो वापरायला कोणी धजावेना.

साठेक वर्षांनी तोच प्रश्न स्कॉटलंडमध्ये उभा राहिला, आणि तो थेट आपल्या इचलकरंजीच्या मुलीचा आहे. पीबल्स मीडिया ग्रुप ही ग्लासगोची प्रकाशन कंपनी. ऑक्टोबर 2015 मध्ये प्रमुख बाई सुटीवर असताना त्यांच्या नावानं वसुली विभागातल्या एका कर्मचारी महिलेला ई-मेल येऊ लागले. पहिल्या वेळी तिचा वरिष्ठही सोबत होता, नंतर तोही सुटीवर गेला. काही दिवसांत सुमारे 1 लाख 93 हजार पौंड गेले. बँकेनं 85 हजारांच्या वर परत केले. उरलेल्या जवळपास 1 लाख 8 हजारांसाठी कंपनीनं तिला आधी कामावरून काढलं आणि मग तिच्यावरच दावा लावला. बँकेच्या पडद्यावर फसवणुकीचा इशारा येऊन गेला होता, हाही मुद्दा कोर्टात आला. पण अशा फसवणुकीबद्दल तिला कधी प्रशिक्षण दिलं गेलं नव्हतं. 2019 मध्ये एडिंबरोच्या न्यायालयानं कंपनीचा दावा फेटाळला. चार वर्षं त्या बाईच्या डोक्यावर हे ओझं होतं, हे मात्र कुठल्याही निकालानं भरून निघत नाही.

जर्मनीच्या कामगार न्यायालयांनी यासाठी एक शिडीच बांधली आहे. किरकोळ चूक असेल तर नोकरानं काही द्यायचं नाही. मध्यम असेल तर तोटा दोघांत वाटायचा. घोर निष्काळजीपणा असेल तर बहुतेक सगळा भार त्याच्यावर, तोही पगाराचं मान पाहून. धंद्याचा नफा ज्याचा, धंद्याची जोखीमही मुख्यतः त्याची, हा त्यामागचा विचार. आपल्या कायद्यात अशी पायरी-पायरीची रचना नाही, पण निदान घोर आणि किरकोळ यांतला फरक आपल्याला परका नाही. 1979 मध्ये जे. अहमद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कार्यक्षमतेतली उणीव किंवा साधी हयगय म्हणजे गैरवर्तन नव्हे. मालक कपातीबरोबर बडतर्फीचीही भीती घालत असेल तर हा निकाल लक्षात ठेवावा.

तिन्ही दरवाजे ओलांडले तरी काम संपत नाही. कपातीपूर्वी कर्मचाऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. कपात नुकसानीच्या रकमेहून जास्त असू शकत नाही. आणि एका पगारातून होणाऱ्या सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. इचलकरंजीत 18,000 मधले 6,000 या मर्यादेत बसतात. पण ही मर्यादा शेवटची पायरी आहे, आणि इथे पहिलीच पायरी चढलेली नाही. कोणी त्या मुलीला विचारलेलं नाही.

आता तो कागद. काही ठिकाणी हुशारी अशी करतात की पगार पूर्ण द्यायचा आणि कर्मचाऱ्यानं घरून रोख आणून भरायची. कपात केलीच नाही, असं म्हणता यावं म्हणून. कायदा त्याच्या पुढे गेलेला आहे. कर्मचाऱ्यानं मालकाला दिलेली रक्कम ही पगारातली कपातच समजली जाते. दुसरं, संहितेखाली मिळणाऱ्या रकमेवरचा हक्क सोडून दिल्याचा करार कलम 60 खाली तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तिसरं, 1872 च्या करार कायद्याचं कलम 16 सांगतं की ज्याची दुसऱ्यावर सत्ता चालते तो त्याच्या इच्छेवर दाब टाकू शकतो. केबिनमध्ये, नोकरी जाण्याच्या धाकात घेतलेल्या सहीची ‘स्वखुशी’ किती, ते इथे तपासलं जातं.

मग कायदा एवढा सोबत असताना सही न करण्याचा आग्रह कशाला? कारण ‘माझ्या चुकीमुळे’ हे दोन शब्द. करार रद्द ठरला तरी ती कबुली कागदावर उरते आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत समोर येते. माझ्या 1986 च्या कागदानं नेमकं हेच केलं. मी विचारायला गेलो की तो कागद पुढे सरकवायचे.

ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनीही धीर सोडू नये. बेकायदा कपातीविरुद्ध कलम 45 खालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि तो अधिकारी कपातीच्या रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो.

असं काही घडलं तर पहिल्या तासात करायचं ते वेगळं. बँकेला फोन, 1930 ला फोन, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडण्याआधी थांबवता आला तर वादाचं मूळच जातं. भामट्याचा एकही संदेश शरमेनं पुसू नये.

इचलकरंजीच्या मुलीनं लिहून द्यावं, जरूर द्यावं. पण तो टाइप केलेला कागद परत करावा आणि स्वतःच्या अक्षरात आपला लिहावा. किती वाजता संदेश आला, त्यात काय लिहिलं होतं, आधीचे सात संदेश कोणत्या तारखांचे, ओटीपीचा नंबर कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, डोंगल कुठे असतं. चूक, माफी, भरून देईन, यातलं काही नको. त्याची एक प्रत फर्मच्या ई-मेलवर पाठवावी आणि एक घरी ठेवावी. ‘मी स्वखुशीने’ च्या जागी पहिली ओळ अशी असावी : ‘सकाळी 11 वाजून 20 मिनिटांनी मला आलेला संदेश असा.’

पुढच्या शनिवारी ग्रॅच्युइटी, नक्की. तिथेही तोट्याइतकी रक्कम जप्त करण्याची तरतूद आहे, तेव्हा हे तीन दरवाजे लक्षात असू द्या.