पितळ, पावसाळा आणि सहाबारी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत परवान्याची सहाबारी, म्हणजे रिव्हॉल्व्हर, बाळगणारी घरे आहेत. निवडणूक लागली की त्यांतली बरीच शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात आणि पुन्हा कपाटात जातात. शस्त्राला वर्षातून एकदा तरी तेलपाणी होते. काडतुसांच्या खोक्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. कारखान्यात बनलेला माल आहे, तपासूनच आला असणार, असा भरवसा असतो. तो भरवसा कुठवर खरा आहे, हे पाहायचे तर आधी पुण्यातल्या खडकीला जावे लागते.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. सर्वसाधारण परवानाधारकाला मिळते ते पॉइंट 32 बोअरचे रिव्हॉल्व्हर. त्याचे काडतूस मूळ अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीचे, 1896 मधले. खडकीत बनलेल्या काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ ही अक्षरे असतात.

काडतूस तपासण्यात मूळचीच एक अडचण आहे. ते नक्की उडेल का, हे उडवल्याशिवाय कळत नाही आणि उडवले की ते संपते. म्हणून परीक्षा होते ती लॉटची, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांच्या गटाची. आकार आणि बुडाची जाडी मापाच्या साच्यांत घालून, तर वजन काट्यावर बघता येते. पुढचे सगळे नमुन्यावर ठरते. लॉटमधून काही काडतुसे उचलायची आणि ती खास परीक्षेच्या नळीतून झाडायची. नळीतला दाब पूर्वी तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला यावरून काढत, आता विद्युत संवेदक तो नोंदवतो. या बोअरसाठी अमेरिकी मानकातली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 15,000 पौंड आहे. गोळीचा वेग दोन पडद्यांमधून जाताना लागणाऱ्या वेळावरून काढतात. बुडातल्या प्राइमरवर, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, ठरलेल्या उंचीवरून ठरलेले वजन टाकतात. पुरेशा ठोक्याला तो पेटलाच पाहिजे आणि हलक्या धक्क्याला पेटता कामा नये. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दोष निघाले, तर सगळा लॉट नापास होतो.

म्हणजे आपल्या कपाटातल्या नेमक्या त्या काडतुसाची परीक्षा कधी झालेलीच नसते. त्याच्या भावंडांची झालेली असते. खोक्यावरचा लॉट क्रमांक म्हणूनच जपायचा. काडतुसे खोक्यातून काढून डब्यात ओतली, की त्यांचा सगळा पूर्वेतिहास पुसला जातो.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पितळ. काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरायची नळी, सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळेची असते. पितळेची चकती थंड अवस्थेतच टप्प्याटप्प्याने ओढून तिची नळी करतात, आणि त्या ओढाताणीचा ताण धातूत दडून राहतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला याचा चांगलाच फटका बसला. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. पाऊस संपेपर्यंत काडतुसे तिथेच, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनियाही तिथेच, आणि हवा दमट. कारण उलगडले ते थेट 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवले की दडलेला ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळेला भेगा पडतात. उपायही निघाला. पुंगळी बेताने तापवून ताण उतरवायचा. तो उतरला का, हे बघायला नमुन्याच्या पुंगळ्या मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवतात. ताण उरला असेल तर भेग दिसते.

तरीही धोका शून्य होत नाही. गोळी घट्ट बसवताना पुंगळीच्या तोंडाशी पुन्हा ताण येतोच. आता आपल्या तालुक्यांकडे पाहा. जागोजाग दुभत्या जनावरांचे गोठे, कोंबड्यांच्या शेड, उसासाठी आणलेल्या युरियाची थप्पी. गोठ्यातल्या मुतातल्या युरियापासून शेणातले जंतू अमोनिया करतात. तबेल्यात घोडे होते, इथे गाई आहेत, एवढाच फरक. रानातल्या वस्तीवर राखणीसाठी शस्त्र ठेवणारा माणूस काडतुसे गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत किंवा खतांच्या गोदामात ठेवत असेल, तर खडकीची सगळी परीक्षा तिथे वाया जाते.

दुसरा शत्रू उन्हाळा. इंदापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती मुळातच सावकाश विघटित होते आणि उष्णतेने त्याला वेग येतो. चामडी पट्ट्याच्या खोबणीत वर्षानुवर्षे राहिलेल्या पितळेवर हिरवट चिकट थर धरतो, तो वेगळाच. आणि शस्त्राचे तेल काडतुसांना लावणे सर्वांत वाईट. ते प्राइमरमध्ये झिरपले की बार फुसका निघू शकतो.

फुसका बार रिव्हॉल्व्हरमध्ये अधिक घातक ठरू शकतो. ‘टक’ एवढाच आवाज आला आणि लगेच पुन्हा चाप ओढला, तर चक्री फिरते. उशिरा पेटणारे काडतूस मग नळीसमोरून सरकलेले असते आणि तिथेच फुटते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे. आवाज हलका आला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फाटते.

फॉरेन्सिक प्रयोगशाळेतही प्रश्न तोच असतो. छाप्यात सापडलेले काडतूस पंचनाम्यात ‘जिवंत’ म्हणून लिहिले जाते, पण ते प्रत्यक्षात चालते का, हे तज्ज्ञ ते झाडून पाहतात. झाडलेल्या पुंगळीच्या प्राइमरवरची पिनची खूण आणि गोळीवरचे नळीच्या आट्यांचे ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून ताडले जातात. न उडालेल्या काडतुसावरचा पुसट ठोकाही तिथे बोलतो.

घरात मात्र डोळे आणि बोटे पुरतात. महिन्यातून एकदा खोके उजेडात उघडावे. तोंडाशी केसाएवढी उभी भेग, हिरवा डाग, हलणारी गोळी किंवा आत गेलेला प्राइमर दिसला, तर ते काडतूस वेगळे काढावे. ते फेकायचे नाही, पुरायचे नाही, जाळायचेही नाही. परवाना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावे आणि त्याची लेखी पोच घ्यावी.