कोविडची सुधारित लस: गरज कोणाला?

कोविडची सुधारित लस म्हणजे विषाणूच्या अलीकडच्या रूपाला ओळखेल अशी बदललेली लस. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी २०२० साली फिरत असलेल्या विषाणूवर बेतलेल्या होत्या. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले ते याच दोन लशींनी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओमिक्रॉन हे विषाणूचे नवे रूप आले. त्याच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनात, म्हणजे स्पाइकमध्ये, तीसहून अधिक बदल झाले होते आणि जुन्या लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे त्याला नीट पकडू शकत नव्हती. गंभीर आजारापासूनचे संरक्षण मात्र बऱ्याच अंशी टिकले, कारण शरीरातील टी-पेशी स्पाइकचे न बदललेले भागही ओळखतात.

त्यात दुसरी अडचण काळाची. लस घेतल्यावर वाढलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरू लागतात. विषाणू बदलतो आणि प्रतिकारही ओसरतो, म्हणून फ्लूच्या लशीप्रमाणे कोविडची लसही वेळोवेळी बदलण्याची पद्धत पडली. नव्या लशीत विषाणूचे कोणते रूप घ्यावे, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेचा तज्ज्ञ गट करतो. मे २०२३ मध्ये या गटाने एक्सबीबी.१ कुळातील रूप सुचवले, तर एप्रिल २०२४ मध्ये जेएन.१. अशी शिफारस करण्याआधी विषाणूच्या जनुकीय नमुन्यांवर बारकाईने नजर ठेवावी लागते. भारतात हे काम ‘इन्साकॉग’ या प्रयोगशाळांच्या जाळ्याकडे असून पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातील एक आहे.

भारतातील पहिली ओमिक्रॉनवरची एमआरएनए लस, म्हणजे शरीराच्या पेशींना स्पाइक प्रथिन बनवण्याचा संदेश देणारी लस, पुण्यातच तयार झाली. जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सच्या ‘जेमकोव्हॅक-ओएम’ला जून २०२३ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनचे दोन डोस झालेल्या प्रौढांसाठी ती बूस्टर म्हणून होती. परदेशातील सुरुवातीच्या एमआरएनए लशींपैकी फायझरची लस उणे सत्तर अंशांच्या आसपास ठेवावी लागे. जेमकोव्हॅक-ओएम कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि दोन ते आठ अंशांवर टिकते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयएलआर फ्रीजमध्ये बालकांच्या लशी याच तापमानाला ठेवलेल्या असतात. ही लस सुईने टोचत नाहीत. दंडावर टेकवलेल्या छोट्या उपकरणातून द्रवाची बारीक धार त्वचेच्या थरात शिरते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘कोवोव्हॅक्स’ वेगळ्या जातीची. तिच्यात विषाणूचे स्पाइक प्रथिनच असते. हे प्रथिन बनवण्यासाठी एका पतंगाच्या पेशी वापरतात. त्याचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. इंदापूर-बारामतीच्या मका उत्पादकांना त्याची अळी चांगलीच परिचयाची आहे, कारण मक्याचे पोंगे पोखरणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच. शेतात नासधूस करणाऱ्या या किडीच्या पेशी प्रयोगशाळेत मात्र प्रथिननिर्मितीचे काम चोख करतात. मूळ विषाणूवरच्या कोवोव्हॅक्सला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने याच तंत्राची, नोवावॅक्स कंपनीची, एक्सबीबी.१.५ वर बेतलेली सुधारित लस मंजूर केली.

लस कधी घ्यावी, हा प्रश्न भारतात अधिक अवघड आहे. थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर फ्लू आणि कोविड या दोन्ही लशी घेण्याची प्रथा आहे. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत असतो. कोविडला असे ठरलेले वेळापत्रक नाही. देशातील पहिली लाट सप्टेंबर २०२० मध्ये शिगेला पोहोचली, दुसरी भर उन्हाळ्यात, एप्रिल-मे २०२१ मध्ये आणि ओमिक्रॉनची जानेवारी २०२२ मध्ये. मे-जून २०२५ मध्येही रुग्ण वाढले, पण बहुतेकांना आजार सौम्य होता. म्हणून येथे ‘हंगामी’ लस म्हणताना ऋतूपेक्षा व्यक्तीचा धोका आणि मागच्या डोसला किंवा संसर्गाला झालेला काळ पाहणे शहाणपणाचे.

धोका सर्वांना सारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्य दिलेल्या गटांत वयोवृद्ध, मधुमेह किंवा हृदयविकार यांसारखे आजार असलेले ज्येष्ठ, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि आरोग्य कर्मचारी येतात. सर्वाधिक धोका असलेल्यांना सहा ते बारा महिन्यांनी डोस सुचवला जातो. निरोगी तरुणाला वारंवार बूस्टर घेण्याचा लाभ फारच मर्यादित. लशीनंतर दंड दुखणे, कणकण, थकवा ही नेहमीची लक्षणे एक-दोन दिवसांत ओसरतात. एमआरएनए लशीनंतर क्वचित, मुख्यतः तरुण पुरुषांत, हृदयाच्या स्नायूंना सूज आल्याचे आढळले आहे. छातीत दुखणे किंवा धाप लागणे अंगावर काढू नये.

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या डाळजसारख्या गावात २०२१ साली आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघरी जाऊन डोस घेण्याचा आग्रह धरत होत्या. तसा दरवर्षीचा कोविड लसीकरणाचा कार्यक्रम सरकारने ठेवलेला नाही. त्यामुळे घरातील शुगर, बीपी किंवा दम्याच्या ज्येष्ठांबाबत निर्णय घेताना आधी नेहमीच्या डॉक्टरांना किंवा भिगवण-बारामतीच्या रुग्णालयात विचारावे. कोणती लस मिळते आणि ती विषाणूच्या कोणत्या रूपावर बेतलेली आहे, हेही तिथेच विचारून घ्यावे. जाताना आधीच्या डोसचे प्रमाणपत्र आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी. फ्लूची लस मात्र खासगी दवाखान्यांत दरवर्षी नव्या रूपात येते. कोविडच्या सुधारित लशीची वाट पाहताना ज्येष्ठांनी ती तरी चुकवू नये.