वातावरण: एक शब्द, अनेक अर्थ

वात म्हणजे वारा, आवरण म्हणजे पांघरूण. पृथ्वीने अंगाभोवती ओढून घेतलेले वायूंचे पांघरूण, ते वातावरण. त्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. त्याला ठाम कडा नाही, ते वर वर विरळ होत जाते. गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवते, म्हणून ते सुटून जात नाही.

पण रोजच्या बोलण्यात हा शब्द किती दूरवर गेला आहे! ‘पावसाचं वातावरण झालंय’ म्हणताना आपण आभाळाबद्दल बोलतो. ‘घरातलं वातावरण तंग आहे’ म्हणताना माणसांबद्दल. निवडणुकीत ते तापते, परीक्षेच्या दिवसांत गंभीर होते. नाटकात प्रकाश, संगीत, नेपथ्य मिळून होते ती वातावरणनिर्मिती. दिसत नाही, पण वेढून असते, हा मूळ अर्थ या सगळ्यांत शाबूत आहे, आणि मला त्याचेच अप्रूप वाटते.

‘हवामान’ मात्र वेगळे. तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता यांची मोजता येणारी स्थिती म्हणजे हवामान. त्यामुळे ‘लग्नघरातलं हवामान’ असे कुणी म्हणत नाही. तिथे वातावरणच हवे.